सातच्या बातम्या, नव्या टीव्हीवर

टीव्ही घ्यायचा की नाही, हा विषय आमच्या घरात दीड महिना चालला आणि शेवटी माझ्या गळ्यात आला. आमच्याकडे असंच असतं. मिरवायचं असलं की सगळे पुढे, ठरवायचं असलं की "वहिनींना विचारा".

विचारायला कारणही होतं म्हणा. मी एका बातम्यांच्या चॅनेलमध्ये मेकअप करायचे. बावीस वर्षं केला. आणि त्याच चॅनेलवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायची ती माझी धाकटी जाऊ. एका घरात राहायचो, एकाच गाडीने कामावर जायचो. ती पुढे बसायची, मी मागे, मेकअपची पेटी मांडीवर घेऊन. चॅनेलमध्ये तिला सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि मला 'मॅडमच्या वहिनी'. तिला तिथे पहिल्यांदा मीच घेऊन गेले होते, पण ते आता कोणालाच आठवत नव्हतं, तिला तर मुळीच नाही.

एका रविवारी आम्ही सगळे दुकानात गेलो. सगळे म्हणजे सासूबाई, दीर, धाकटी आणि मी. माझे यजमान बाहेर गाडीत बसून राहिले. ते कशातच नसतात, दुकानातही नव्हते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तेव्हापासून त्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागली होती आणि ती दाखवायला मी आयतीच होते. टीव्हीचा हट्ट मूळचा त्यांचाच. एवढे डोळे केले ते काय तो धुरकट डबा बघायला, असं त्यांचं म्हणणं.

दुकानदाराने दोन टीव्ही शेजारीशेजारी लावून ठेवले होते. "डावीकडचा तुमच्या घरी असेल तसा. उजवीकडचा फोर के. यावर मुंगीच्या मिश्यासुद्धा मोजता येतील, आजी."

"मुंगीच्या मिश्या मोजून काय करायचंय?" दीर म्हणाले. त्यांना टीव्ही नको होता. त्यांना काहीच नवं नको असतं, कारण नवं आलं की ते समजून घ्यावं लागतं.

दोन्ही टीव्हींवर एकच चॅनेल चालू होतं, आमचं नव्हे, दुसरं. एक बाई बातम्या वाचत होती. डावीकडे ती तिशीतली, गुळगुळीत, हसरी. उजवीकडे पाहिलं आणि मी एक पाऊल जवळ गेले. नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी शेडिंगच्या रेघा, काजळीचं बोट ओढावं तशा. कानापाशी फाउंडेशन जिथे संपतं तिथे सरळ कडा दिसत होती. गालावरच्या बारीक लवेवर पावडर बसलेली, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं झाकणाऱ्या कन्सीलरला बारीक भेगा. हसली की भेगा रुंद व्हायच्या.

तो हात माझा नव्हता, पण माझ्यासारखाच होता. जाड थर, वर पावडर, त्यावर पुन्हा थर. जुन्या टीव्हीसाठी आम्ही हेच शिकलो होतो. आमच्या चॅनेलचे कॅमेरे दोन महिन्यांपूर्वीच बदलले होते. मेकअपरूममधला टीव्ही मात्र जुनाच होता, आणि मी त्यात बघून खूश होत होते.

"वहिनी, तुम्ही कामातल्या," दीर म्हणाले. "तुम्ही सांगा. एवढा फरक पडतो का? घ्यायचा का?"

"घ्या हो," धाकटी म्हणाली. "माझ्या बातम्या तरी नीट बघाल. त्या डब्यात मी कशी दिसते, देव जाणे."

ती उजवीकडच्याच टीव्हीसमोर उभी होती. तिला काही दिसलं नाही. तिला दुसऱ्या बाईचा चेहरा बघायची सवयच नव्हती.

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. अगं, हे बघ, आपलं असंच होणार आहे, मला हात बदलायला हवा. एवढी दोन वाक्यं. ती माझ्या तोंडापर्यंत आलीही होती. पण त्याच वेळी मला माझी लेक आठवली.

माझी लेक सुरेख वाचते. वर्षापूर्वी तिने आमच्या चॅनेलमध्ये वाचनाची परीक्षा दिली होती. तिच्या गालांवर मुरमांचे खड्डे आहेत, ते मी दोन तास बसून बुजवले. चॅनेलच्या साहेबांना वाचन आवडलं. मेकअपरूममध्ये येऊन त्यांनी धाकटीला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" पोर खुर्चीत बसलेली, पफ माझ्या हातात, दारात चार माणसं. आणि हिची सख्खी काकू आरशात स्वतःचा कानातला डूल सारखा करत म्हणाली, "वाचते छान. पण लोक जेवताना बातम्या बघतात हो, त्याचाही विचार करायला हवा."

दारातली चारही माणसं हसली. साहेबही हसले. पोर आता दुसऱ्या शहरात आहे, दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करते. मलाही साधा फोन करते. चेहरा दाखवत नाही.

"घ्या," मी म्हटलं. "घ्यायलाच हवा."

दुसऱ्याच दिवशी चॅनेलमध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. साहेब मेकअपरूमच्या दारात उभे राहिले. धाकटी खुर्चीत होती, गळ्याभोवती टॉवेल. "एक नवा फोर के टीव्ही आलाय," साहेब म्हणाले. "इथे लावायचा की गेस्टरूममध्ये? इथे लावला तर कॅमेऱ्यातलं जसंच्या तसं दिसेल तुम्हाला."

खरं सांगते, त्या क्षणी मला धाकटीपेक्षा माझीच भीती वाटली. इथे तो टीव्ही लागला की साहेब मागे उभे राहणार आणि माझ्या बावीस वर्षांच्या हाताचं काय ते त्यांना कळणार. स्प्रेने मेकअप करणाऱ्या कालच्या पोरी दाराशी रांगेत आहेत, हे मला ठाऊक होतं.

"गेस्टरूममध्ये लावा," मी म्हटलं. "आमचं यात छान चाललंय."

"मला विचाराल तर हाच बरा," धाकटी म्हणाली. "यात मी दहा वर्षांनी लहान दिसते." सगळे हसले, आणि टीव्ही गेस्टरूममध्ये गेला.

घरचा टीव्ही गुरुवारी लागला. मेकअप पाचला उरकून, वाटेत भाजी घेऊन मी साडेसहाला घरी पोचायचे. घाम टिपायला तिथे दुसरी मुलगी असे. सातला आम्ही चौघे दिवाणखान्यात बसलो. बातम्यांचं संगीत वाजलं आणि ती आली. भिंतभर.

मग सासूबाई पुढे वाकल्या.

"अगं बाई! हिला गिलावा कोणी केला?"

दिरांनी आधी आवाज कमी केला, जणू तिला ऐकू जाणार होतं. मग ते हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने. तिच्या हनुवटीखाली मेकअपची कडा होती, वर एक बाई आणि खाली दुसरी. 'मुसळधार' म्हणताना ओठांच्या कोपऱ्यातून पावडरचा एक कण सुटला. तोही दिसला.

"तिला सांगायला हवं," हसून झाल्यावर दीर म्हणाले.

"सांग की मग," सासूबाई म्हणाल्या. "म्हणेल, तुम्ही जळता माझ्यावर. मागे पाहुण्यांसमोर मला काय म्हणाली, आठवतंय ना? आई, तुम्ही आत बसा, तुमचं बोलणं गावंढळ वाटतं."

दिरांना आठवत होतं. त्यांचीही स्वतःची यादी होती. बाहेर त्यांना 'मॅडमचे मिस्टर' म्हणत, आणि एकदा तिने त्यांना चॅनेलच्या कार्यक्रमात ड्रायव्हरच्या टेबलावर जेवायला बसवलं होतं. ते माझ्याकडे बघायला लागले.

"मी बघते," मी म्हटलं. "माझ्या हातातलं काम आहे."

सगळ्यांना हायसं वाटलं. माझे यजमान फोनमध्ये होते, तेही हसले होते.

आठच्या सुमाराला ती आली. तोंड पुसून, साधी, थकलेली. "कशी दिसले नव्या टीव्हीवर?"

"छान!" सासूबाई म्हणाल्या.

"एकदम स्पष्ट," दीर म्हणाले.

ती खूश झाली. फोनवर ती आपल्या बातम्यांचे तुकडे बघायची, पण तळहाताएवढ्या पडद्यावर सगळेच देखणे असतात. आणि सातला ती स्वतः तिथे बसलेली असायची, त्यामुळे साऱ्या जगात तिला एकटीलाच तिचा चेहरा घरच्या टीव्हीवर बघायला मिळत नव्हता. साडेआठला बातम्या पुन्हा लागायच्या. त्या वेळी सासूबाई न चुकता दुसरं काहीतरी लावून बसायच्या.

चॅनेलमध्ये कोणीच कसं सांगितलं नाही, असं वाटेल. तिथल्या आतल्या खोलीत वीस छोटे पडदे; तिथे माणसं घड्याळ आणि अक्षरं बघतात, चेहरा कोण बघतो? ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तिच्या जिभेचा प्रसाद आधीच घेतलेला होता. कोण पुढे होणार!

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली आणि एक थर जास्त लावला. मुद्दाम. पाचला करायचं आणि सातला घरी बसून बघायचं. डोळ्यांखाली जरा कोरडा कन्सीलर लावला की भेगा मोठ्या होतात, हे मला मंगळवारी कळलं. गालाच्या हाडावर चमक जास्त दिली की वंगण पुसल्यासारखं दिसतं, ते बुधवारी. घरातल्या जेवणाची वेळ कधी आठची सातवर आली, कोणी आणली, आठवत नाही. ताटं घेऊनच बसायला लागलो. सासूबाई म्हणायच्या, "आज कपाळ बघा." दीर रिमोट घेऊन बसायचे आणि मध्येच चित्र थांबवायचे, तोंड अर्धवट उघडं असताना. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, वर्षभरात एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

एकदाच माझा हात थांबला. ती खुर्चीत डोळे मिटून होती, रात्री झोप झाली नव्हती. मी भुवई भरत होते आणि तिचं डोकं हळूच माझ्या तळहातावर कलंडलं. "वहिनी," ती तशीच म्हणाली, "तुमच्या हाताखाली मला झोप लागते बघा. दुसऱ्या कोणाचा हात मला चालत नाही." मी स्पंज खाली ठेवला. सगळं पुसून नव्याने करावं, पातळ, असं माझ्या मनात आलं. घड्याळात वेळही होता.

मग तिने एक डोळा उघडला. "लेक काय म्हणते? अजून फोनवरच आहे ना? बरंय. तिथे चेहरा लागत नाही."

मी स्पंज उचलला.

तीन आठवडे असं चाललं. चौथ्या आठवड्यात चॅनेलचे मालक कोणा मोठ्या पाहुण्याला घेऊन गेस्टरूममध्ये बसले, आणि समोर, मी तिथे लावायला सांगितलेल्या टीव्हीवर, सातच्या बातम्या सुरू झाल्या. पाहुण्याने विचारलं, या बाईंना त्वचेचा काही आजार आहे का? मालकांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघींना बोलावलं.

ते फार बोलले नाहीत. आदल्या दिवशीच्या बातम्या लावल्या आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

मी पडद्याकडे पाहिलं नाही, मला तो पाठ होता. मी तिच्याकडे पाहिलं. आधी तिला ती स्वतः आहे हेच कळलं नाही. मग तिचा हात हनुवटीकडे गेला आणि तिथेच राहिला. पूर्ण एक बातमी संपेपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

"सोमवारपासून दुसरी मुलगी वाचेल," साहेब म्हणाले. "वरून आलंय, माझ्या हातात नाही. आज शुक्रवार, आजच्या तेवढ्या तुम्ही वाचा. आणि वहिनी, मेकअपलाही नवी माणसं येतायत. तुम्हीसुद्धा आता आराम करा."

बावीस वर्षं एका वाक्यात संपली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा ते नीट जाणवलं नाही, कारण माझं सगळं लक्ष तिच्यात होतं.

मेकअपरूममध्ये येऊन ती खुर्चीत बसली. टॉवेल तिने स्वतःच गळ्याभोवती घेतला.

"घरच्या टीव्हीवर असंच दिसायचं?"

"हो."

"आईंनाही?"

"त्यांनीच आधी पाहिलं."

"आणि ह्यांना?"

"भाऊजी चित्र थांबवून बघायचे."

"हसायचे?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. एक 'नाही' म्हणायला काय लागतं? "हो," मी म्हटलं. "सगळेच हसायचो. जेवताना."

ती आरशात माझ्याकडे बघत होती. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"आधी नाही. नंतर हो."

"का?"

मी तिला ते वाक्य शब्दाशब्दाने ऐकवलं. लोक जेवताना बातम्या बघतात. खुर्ची हीच, पफ माझ्या हातात, दारात चार माणसं. वर्षभर मी ते मनात घोळवत होते. कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं होतं.

ती विचारात पडली. खरोखर पडली, नाटक नव्हतं. तिचं नाटक मी ओळखते.

"असं म्हणाले मी?" ती म्हणाली. "मला काहीच आठवत नाही."

माझ्या हातून डबी पडली. जिच्यासाठी मी एवढं सगळं केलं ती गोष्ट तिच्या लेखी घडलीच नव्हती. तिने ती सहज जाता जाता टाकली होती, आणि मी ती वर्षभर उराशी धरून बसले होते.

"करा मेकअप," ती म्हणाली.

"पातळ करते. आज नीट करते."

"नाही. रोजच्यासारखाच करा. काल केलात तसा."

मी केला. एक थरही कमी केला नाही. मग घरी आले. घरी मी कोणालाच काही सांगितलं नाही. सातला ताटं घेऊन सगळे बसले. ती उत्तम वाचत होती, एकही चूक नाही. सासूबाई म्हणाल्या, "आज तर कहर आहे." दीर हसले, चित्र थांबवलं, पुन्हा हसले. ती सरळ आमच्याकडे बघत होती, म्हणजे कॅमेऱ्याकडे, आणि मी ताट खाली ठेवलं.

आठला ती नेहमीसारखी आली नाही. सव्वाआठ वाजून गेल्यावर आली, आणि तोंड न पुसता आली. तसा मेकअप करून ती आजवर कधी घराच्या दारात उभी राहिली नव्हती. दिवाणखान्यातल्या पांढऱ्या दिव्याखाली, आमच्यापासून तीन हातांवर.

"कशी दिसले आज?" तिने विचारलं.

"छान," सासूबाई म्हणाल्या.

"छान. नेहमीसारखी," दीर म्हणाले.

ती येऊन दिरांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला. साडेआठ होत आले होते. बातम्यांचं संगीत वाजलं आणि भिंतीवर ती आली. खाली सोफ्यावरही तीच. तिने आवाज वाढवला.

"उद्यापासून मला काम नाही," ती म्हणाली. "वहिनींनाही नाही. म्हणून म्हटलं, आज सगळ्यांबरोबर बघावं. कुठे हसायचं असतं? आई, सांगा ना."

सासूबाई उठायला लागल्या. "बसा," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, बातमी वाचावी तसाच होता. त्या बसल्या.

मग तिने चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्ही कामातल्या. यांना नीट समजत नसेल. तुम्ही दाखवा. एकेक करून."

मी उठले. टीव्हीजवळ गेले. हनुवटीखालची कडा बोटाने दाखवली. मग डोळ्यांखालच्या भेगा दाखवल्या. त्या कशाने पडतात, असं तिने विचारलं. मी सांगितलं, कन्सीलर कोरडा घेतला की पडतात. गालावरची चमक, लवेवरची पावडर, नाकाच्या रेघा. काय आणि कोणत्या वारी जास्त लावलं, तेही तिने विचारून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. ती मान हलवत होती, आणि एकेक झालं की चित्र पुढे सरकवत होती. माझे यजमान पहिल्यांदाच फोन खाली ठेवून ऐकत होते.

कोणी हसलं नाही. दीर मध्येच हळू आवाजात म्हणाले, "बंद कर ना आता."

"का?" ती म्हणाली. "अजून खेळाच्या बातम्या राहिल्यात."